एका खोलीतून पाच जणांपर्यंत : स्कायहार्बरचा दुसरा अल्बम

जळगाव असो की धुळं, मेटलचं नाव काढलं की घरातल्या मोठ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : हा गोंगाट कशाला? आणि गिटार शिकणाऱ्या पोरांचा प्रश्न वेगळा : मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय आपलं काही होईल का? आज आपण एकाच अल्बमच्या आधारानं या दोन्ही प्रश्नांकडे बघू. बँड स्कायहार्बर, अल्बम ‘गाइडिंग लाइट्स’, साल २०१४.

आधी गोंगाटाचं बघू. या प्रकाराला मेलोडिक प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. मेटल म्हणजे खालच्या सुरात लावलेली, जड आवाजाची गिटार. प्रोग्रेसिव्ह म्हणजे ध्रुवपद-कडवं या ठरलेल्या साच्यात न बसणारी, लांबत, वळत जाणारी रचना. आणि मेलोडिक म्हणजे या सगळ्याच्या वर तरंगणारा गाता गळा.

खरी गंमत मात्रांत आहे. वरातीत पावरीचा सूर आला की आपले पाय आपोआप पडतात, मोजावं लागत नाही. इथं सुरुवातीला मोजावं लागतं. रूपक ताल आपल्याला माहीत आहे : सात मात्रा, तीन-दोन-दोन. आता समजा, गिटार सात मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवतेय आणि ड्रमची झांज मात्र चार-चार मोजतेय. दोघं सुटतात, भरकटल्यासारखे वाटतात आणि अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर पुन्हा एकत्र येतात. सातच्या चार फेऱ्या, चारच्या सात फेऱ्या. समेवर आल्यावर मैफिलीत जी दाद निघते ना, तसाच हा आनंद आहे. या प्रकारातले बँड असे हिशेब नेहमी मांडतात. हिशेब कळला की गोंगाट कमी होतो.

आता दुसरा प्रश्न. स्कायहार्बर सुरू झाला तो दिल्लीच्या केशव धरनं घरी बसून केलेल्या रेकॉर्डिंगमधून. संगणक, गिटार आणि इंटरनेट. २०१२ चा पहिला अल्बम दोन भागांत होता. एका भागात इंग्लंडच्या डॅनियल टॉम्पकिन्सचा गोड गळा, दुसऱ्यात मुंबईच्या ‘भयानक मौत’ बँडच्या सुनीत रेवणकरचा गुरगुरता आवाज. मेगाडेथचा माजी गिटारवादक मार्टी फ्रीडमनही त्यात पाहुणा म्हणून वाजवून गेला. म्हणजे घरातली खोली आडवी आली नाही.

मग दुसऱ्या अल्बममध्ये बदललं काय? आम्हाला वाटतं, इथंच शिकण्यासारखं आहे. पहिल्या अल्बमचा गाभा एकट्या केशवचा होता. ‘गाइडिंग लाइट्स’ हे पाच जणांचं काम झालं : केशव, मुंबईचे देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी, अमेरिकेतला ड्रमवादक अनुप शास्त्री आणि गायक टॉम्पकिन्स. तीन देशांत विखुरलेली माणसं. गुरगुराट मागे पडला, दोन तोंडांचा अल्बम एका सुराचा झाला. दहा गाणी, तासाभराहून जास्त वेळ; पण गाण्यांना श्वास घ्यायला जागा आहे. मिक्सिंगही घरी न ठेवता ऑस्ट्रेलियाच्या फॉरेस्टर सॅव्हेलकडे सोपवलं. आपल्याच कानांना सवय झालेली असते, म्हणून परका कान लागतो.

पैशाचंही सांगायला हवं. खर्चासाठी बँडनं प्लेजम्युझिकवरून श्रोत्यांकडून आगाऊ रक्कम उभी केली. रस्ता चांगलाच होता, पण तीच कंपनी २०१९ मध्ये बुडाली आणि कितीतरी कलाकारांचे पैसे अडकले. श्रोता पाठीशी असावा. पण मधला माणूस कोण, हेही बघावं. माणसांचंही तसंच आहे. २०१५ मध्ये टॉम्पकिन्स बाहेर पडला, एरिक एमरी आला आणि २०१८ मध्ये तिसरा अल्बम निघाला. बँड टिकला, कारण तोवर तो एकाच गळ्यावर उभा नव्हता.

तेव्हा पोरांनो, भुसावळहून गाडी पकडायची घाई नको. सुरुवात घरच्या खोलीतून होते, हे पहिल्या अल्बमनं दाखवलं. पुढं जायचं तर आपलं गाणं दुसऱ्याच्या हातात द्यायची तयारी लागते, हे दुसऱ्यानं. आणि मोठ्यांना विनंती एवढीच, की ‘इव्होल्यूशन’ हे गाणं एकदा पोरांसोबत बसून ऐका. टाळी धरा, मात्रा मोजा. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमचे प्रश्न घेऊ.