आयता सांगाडा घ्यावा काय?

संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्या मंडळींपुढें हा प्रश्न वारंवार येतो. संकेतस्थळांच्या कामासाठीं फेसबुकनें २०१६ सालीं ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट ॲप’ हें असेंच साधन काढलें. एका आज्ञेसरशीं नव्या कामाची सारी मांडणी सिद्ध होई व आरंभींचे श्रम वांचत. परंतु आंतील जुळणी झांकलेली असे. ती उघडणारी ‘इजेक्ट’ ही आज्ञा एकदां दिली, कीं माघार नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत नव्या कामांपुरतें हें साधन निवृत्त करण्यांत आलें. जुन्या कामांचा भार मात्र ज्याच्या त्याच्या शिरीं राहिला. तात्पर्य, सांगाडा खुशाल घ्यावा. पण त्यांतील वासा न् वासा ओळखणारें कोणी तरी आपल्या मंडळींत असेल तरच. आयत्या घराची डागडुजी शेवटीं राहणाऱ्यासच करावी लागते.