गोळी डब्यात नको, पोटात हवी

हत्तीपाय म्हटलं की गावाकडची कुणीतरी म्हातारी आठवते, सुजलेला पाय पुढे करून ओट्यावर बसलेली. मग आपण म्हणतो, हा रोग तिकडचा, विदर्भातला. पण सरकारच्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीबरोबर ठाण्याचंही नाव राहिलेलं आहे, आणि आपलं उत्तन ठाणे जिल्ह्यातच येतं.

हा रोग पसरवणारा डास क्युलेक्स. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणून आपण पिंपं घासतो. क्युलेक्सला घाण पाणी लागतं: तुंबलेलं गटार, संडासाची उघडी टाकी. तो रात्री चावतो. त्याच्यामार्फत कृमीच्या अळ्या शरीरात शिरतात, रसवाहिन्यांत मोठ्या होतात आणि तिथे पाच-सहा वर्षं, कधी त्याहून जास्त जगतात. त्यांची लाखो सूक्ष्म पिल्लं रात्रीच्या वेळी रक्तात येतात. म्हणून रक्ताचा नमुनाही रात्रीच घ्यावा लागतो. अवेळी दार वाजवणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला हाकलू नका, त्याची वेळ बरोबर आहे.

एका चाव्याने हत्तीपाय होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं डास चावत राहावे लागतात. ज्याच्या खिडकीला जाळी आणि दाराशी झाकलेलं गटार, त्याला हा रोग क्वचितच गाठतो. बहुतेकदा जंतू लहानपणी शिरतो आणि पाय सुजतो मोठेपणी. मधली वर्षं माणूस धडधाकट दिसतो, कामावर जातो आणि नकळत दुसऱ्यांना रोग देत राहतो.

‘मला काही झालेलं नाही, मी गोळी का खाऊ?’ याचं उत्तर हेच. देशात हत्तीरोग नियंत्रणाचा कार्यक्रम १९५५ पासून आहे. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत सर्वांनाच वर्षातून एकदा औषध देण्याची मोहीम सुरू झाली. आधी फक्त डीईसी होतं, मग अल्बेंडाझोल जोडलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिनसह तीन औषधं दिली गेली. रोग संपवण्याची मुदत आधी २०१५ होती. ती पुढे सरकत सरकत आता २०२७ वर आली आहे. तेवढ्यात श्रीलंका आणि मालदीव २०१६ मध्ये, बांगलादेश २०२३ मध्ये मोकळे झाले. बांगलादेशात गर्दी, पूर आणि डास आपल्यापेक्षा काही कमी नाहीत.

मोहीम यशस्वी व्हायची तर लोकसंख्येतल्या किमान ६५ टक्के माणसांनी गोळ्या प्रत्यक्ष गिळाव्या लागतात. आपल्याकडे त्या घेतल्या जातात आणि फळीवरच्या डब्यात जातात. एरवी वर्षभर न फिरकणारी यंत्रणा एक दिवस फुकट गोळी घेऊन दारात आली, तर माणूस बिचकणारच. त्यात मी बस्तीला दोष देणार नाही. पण गोळी खरी आहे. ती उपाशीपोटी घेऊ नये. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई आणि गंभीर आजारी माणसाला देत नाहीत. मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन आणि अल्बेंडाझोलची एक गोळी असते. आयव्हरमेक्टिन असेल तर उंची मोजून देतात. नंतर कुणाला ताप येतो, डोकं दुखतं, मळमळतं. बहुतेकदा अंगातले जंतू मरत असल्याने हा त्रास होतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. जास्त वाटलं तर आशाताईंना कळवा.

ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांना कुणी काही सांगतच नाही. गोळीने सुजलेला पाय पूर्वीसारखा होत नाही, हे खरं. पण वारंवार येणारा ताप, लाली आणि ठणका रोखता येतो, आणि पाय त्या प्रत्येक झटक्यागणिक वाढत असतो. रोज साध्या साबणाने आणि गार पाण्याने पाय धुवा. घासू नका, चोळू नका. बोटांच्या बेचक्या मऊ फडक्याने टिपून कोरड्या करा. सगळा बिघाड तिथूनच सुरू होतो. चीर पडली असेल तर दवाखान्यातून मलम घ्या. बसताना पाय पाटावर, झोपताना पायाखाली उशी. अनवाणी फिरू नका. मासळीच्या कामात पाय दिवसभर ओले राहतात, त्या बायांनी घरी आल्याबरोबर हे करावं. पाय लाल, गरम झाला, थंडी भरून आली तर त्या दिवशी चोळणं-शेकणं नको, थेट दवाखाना.

पुरुषांचं वेगळंच. अंडवृद्धी हाही याच रोगाचा एक प्रकार असू शकतो, पण लाजेपायी ती वर्षानुवर्षं लुंगीआड राहते. लहानशा शस्त्रक्रियेने ती बरी होते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. घरातल्या बाईला हे ठाऊक असतं. तिनेच विषय काढावा.

आता गटाराचं. गोळी आपण गिळायची आणि गटार मात्र उघडंच, हा सौदा मला मान्य नाही. सार्वजनिक शौचालयाच्या टाकीचं झाकण फुटलेलं असेल, हवेच्या नळीच्या तोंडाला जाळी नसेल, तर डासांना तो मोकळा दरवाजा आहे. जाळीला फारसा पैसा लागत नाही. नळीला ती स्वतः बांधता येते. एखाद्या रविवारी विहारात जमाल तेव्हा पोरांवर सोपवा. झाकण आणि तुंबलेलं गटार हे मिरा-भाईंदर महापालिकेचं काम आहे. तोंडी सांगू नका. गल्लीचं नाव, जागा लिहून दहा-बारा सह्यांचा अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.