‘सोलापूर’मध्ये अक्षरं किती?

पहिलीतल्या मुलाला विचारा, ‘सोलापूर’मध्ये अक्षरं किती? ते बोटांवर मोजून सांगेल: सो, ला, पू, र. चार.

हाच प्रश्न पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या पिढीला विचारला की उत्तर यायचं २१. तिसऱ्या पिढीला विचारलं तर येतं ७. ॲपलच्या स्विफ्ट भाषेला विचारलं तर येतं ४. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त प्रत्येकीने वेगळी वस्तू मोजली आहे. २१ हे बाइट आहेत, कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ७ ही चिन्हं आहेत: स, ओकार, ल, काना, प, दीर्घ उकार आणि र. आणि ४ म्हणजे आपण शाळेत शिकलो ती अक्षरं.

मला नवल वाटतं ते या ४चं. ते एका फटक्यात मिळालेलं नाही. त्यासाठी एका कोवळ्या भाषेने स्वतःचंच घर तीन वर्षांत पुन्हा पुन्हा मोडून बांधलं.

जून २०१४मध्ये ॲपलने स्विफ्ट जगापुढे आणली. पहिल्या आवृत्तीत अक्षरं मोजायची तर ‘काउंटएलिमेंट्स’ असं लिहून कंसात शब्द द्यावा लागे. एप्रिल २०१५मध्ये त्याचं नुसतं ‘काउंट’ झालं. त्याच सप्टेंबरात दुसरी मोठी आवृत्ती आली आणि रचनाच उलटली: आधी शब्द, मग टिंब, मग ‘कॅरॅक्टर्स’, पुन्हा टिंब, मग ‘काउंट’. २०१७च्या सप्टेंबरात मधलं ‘कॅरॅक्टर्स’ गळलं आणि उरलं शब्द, टिंब, काउंट. प्रश्न तोच, विचारायच्या तऱ्हा चार. ज्यांनी या भाषेत ॲप लिहिली होती त्यांना दर वेळी आपल्या ओळी नव्याने तपासाव्या लागल्या.

यात भाषेच्या व्याकरणाचा भाग थोडा आहे, तिच्यासोबत येणाऱ्या तयार सामानाचा जास्त. या सामानाला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. शब्द मोजणं, यादी क्रमाने लावणं, तारीख काढणं, फाइल वाचणं ही रोजची कामं प्रत्येकाने पहिल्यापासून लिहू नयेत म्हणून भाषा घडवणारेच ती लिहून देतात. जगभरचे प्रोग्रॅमर त्या कामांना ठरलेल्या नावांनी हाका मारतात. नाव बदललं, किंवा नाव तेच राहून अर्थ बदलला, की जुन्या हाकेला ओ मिळत नाही. याला ब्रेकिंग चेंज म्हणतात, म्हणजे लिहिलेलं मोडणारा बदल.

सोलापूरकराला ही गोष्ट समजायला संगणक लागत नाही. आपल्या चादरीवरची नक्षी जकार्डवर विणली जाते. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ असते. बाण्याच्या एका धाग्याला एक पत्ता. पत्ता सुयांवर दाबला जातो. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. उचल किंवा नको उचलू, एवढीच आज्ञा, आणि तिच्यातून कापडावर मोर उभा राहतो. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार्डने १८०४मध्ये हे यंत्र बनवलं. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हेच पत्ते घेतले. प्रोग्रॅमिंगच्या वंशावळीत सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागांचे पूर्वज बसलेले आहेत, आणि शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट सोलापूरच्या नावासकट यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता त्या पत्त्यांवरच्या भोकांमधलं अंतर बघा. ते अंतर हा पत्ता कापणारा आणि यंत्र बनवणारा यांच्यातला करार असतो. जकार्डच्या मूळ यंत्रानंतर भोकं दाट बसवणारी व्हिन्सेंझी पद्धत आली, आणि वर्डोलने तर पुठ्ठे सोडून सलग कागद आणला. एका पद्धतीचा पत्ता दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर चालत नाही. नक्षी तीच, सूत तेच, विणकर तोच, तरी कापून ठेवलेल्या पत्त्यांचा ढीग निरुपयोगी. १९८३मध्ये मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जकार्ड मांडलं तेव्हा तर पत्ताच नाहीसा झाला. ज्याच्याकडे दहा नक्ष्यांचे पत्ते आहेत तो हळहळतो आणि नवे कापतो. ज्याच्या माळ्यावर तीन पिढ्यांचे पत्ते आहेत त्याला ते जमणं कठीण. भाषेचंही असंच आहे. मोडायचं तर ढीग लहान असताना.

पण स्विफ्टला ‘कॅरॅक्टर्स’ मध्ये घालून मग काढावं का लागलं? इथे आपली बाराखडी येते. संगणकशास्त्रात वस्तूंच्या संग्रहाचा एक साधा नियम आहे: तीन वस्तूंच्या मागे दोन ठेवल्या तर पाच व्हायला हव्यात. आता ‘क’ घ्या, लांबी १. एकटा काना घ्या, लांबी १. दोन्ही जोडा. ‘का’. लांबी १! एक अधिक एक बरोबर एक. फ्रेंच ‘ए’वरच्या तिरक्या रेघेनेही हेच होतं, आणि स्विफ्ट घडवणाऱ्यांनी २०१५मध्ये अडचण समजावताना त्याचंच उदाहरण दिलं होतं. जो शब्द संग्रहाचा नियम पाळत नाही त्याला संग्रह म्हणू नये, असं त्यांनी तेव्हा ठरवलं. म्हणून अक्षरं हवी असतील तर ‘कॅरॅक्टर्स’ अशी वेगळी मागणी करायची. दोन वर्षांच्या वापरानंतर दिसलं की ही शुद्धता महाग पडते. नियमाचा तेवढा अपवाद माणसं पचवू शकतात, पण प्रत्येक ओळीत एक जास्तीचा शब्द पचत नाही. त्यांनी निर्णय फिरवला. बाराखडी घोकलेल्या कोणालाही तो अपवाद वाटणारच नाही.

चूक कबूल करून निर्णय फिरवण्याची ही मोकळीक मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि ती फक्त तरुण भाषेलाच असते.

नाव तेच ठेवून अर्थ बदलणं मात्र सगळ्यांत धोक्याचं. स्विफ्टच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सॉर्ट’ म्हटलं की मूळ यादीला हात न लावता क्रमाने लावलेली नवी यादी मिळे. जागच्या जागी क्रम लावायचा तर ‘सॉर्टइनप्लेस’ म्हणावं लागे. २०१६च्या तिसऱ्या आवृत्तीत शेकडो नावं एका तत्त्वाने बदलली. करणाऱ्या क्रियेला आज्ञार्थ, आणि झालेल्या गोष्टीला ‘-लेलं’ रूप. ‘सॉर्ट’ म्हणजे तांदूळ निवड, ‘सॉर्टेड’ म्हणजे निवडलेले तांदूळ. पहिल्यात ताटातलेच तांदूळ बदलतात, दुसऱ्यात तुमच्या हाती निवडलेले वेगळे येतात. भाषा ऐकताच कळावं अशी ही वाटणी आहे, आणि मराठी कानाला तर ती लगेच पटते. पण बघा, ‘सॉर्ट’ हे नाव दोन्ही आवृत्त्यांत आहे आणि अर्थ उलटा आहे! जुना प्रोग्रॅम गुपचूप चालत राहिला असता तर अनर्थ झाला असता. तो टळला, कारण नवं ‘सॉर्ट’ काहीच परत देत नाही. परत आलेल्या यादीची वाट बघणारी ओळ कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा भाग, तिथेच अडवतो. मोडणारा बदल मोठ्याने मोडला पाहिजे, बिनबोभाट नव्हे.

मोडणाऱ्यांनी जोडण्याची साधनंही दिली आहेत, आणि त्यांच्या कल्पकतेचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. गूगलची गो भाषा मार्च २०१२मध्ये १.० झाली, म्हणजे वयात आली. त्याआधी तिची लायब्ररी सतत हलत होती, म्हणून २०११मध्ये त्यांनी ‘गोफिक्स’ नावाचं अवजार दिलं. ते तुमचा जुना प्रोग्रॅम वाचतं, त्याचं व्याकरण समजून घेतं आणि नव्या नावांनी पुन्हा लिहून देतं. मोडलं त्यांनी आणि दुरुस्तीला माणूसही त्यांनीच धाडला! ज्युलिया भाषेची युक्ती वेगळी. तिच्या चौघा जन्मदात्यांपैकी एक विरल शाह, ज्यांनी भारतात ‘आधार’च्या उभारणीत काम केलं. ऑगस्ट २०१८मध्ये ज्युलियाच्या ०.७ आणि १.० या दोन आवृत्त्या जोडीने आल्या, आणि दोन्ही जवळजवळ सारख्याच होत्या. फरक एवढाच की ०.७ जुन्या नावांनाही ओ देई आणि ‘हे नाव जाणार आहे, नवं असं लिही’ अशी सूचना करी. १.०मध्ये जुनी नावं गेली. आधी ०.७वर चालवा, सूचना संपेपर्यंत दुरुस्त करा, मग उंबरा ओलांडा.

ज्यांनी वेळेवर मोडलं नाही त्यांचं काय झालं तेही बघण्यासारखं आहे. पायथनने बाइट आणि अक्षरचिन्हं यांची गल्लत निस्तरायला ३ डिसेंबर २००८ रोजी तिसरी पिढी आणली, म्हणजे भाषा १७ वर्षांची झाल्यावर. तोवर जगभर ढीग साचला होता. दुसऱ्या पिढीचा आधार बंद व्हायला १ जानेवारी २०२० उजाडलं. अकरा वर्षं दोन भाषा एका नावाने नांदल्या. ‘सोलापूर’चं उत्तर २१वरून ७वर यायला एवढा संसार लागला.

जावाने उलटा मार्ग धरला: मोडायचंच नाही. तिच्या पहिल्या आवृत्तीतली ‘डेट’ अशी होती की महिने शून्यापासून मोजायचे आणि वर्षं १९००पासून. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतला १४ जानेवारी २०२६ हा दिवस तिथे लिहायचा तर वर्ष १२६, महिना ०, तारीख १४. ही रचना चुकली हे १९९७मध्येच मान्य झालं, ‘वापरू नका’ असा शिक्का बसला, २०१४मध्ये तारखांची नवी, नीटस लायब्ररीही आली. जुनी ‘डेट’ तरीही आजपर्यंत जावात बसून आहे. बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी हे वचन योग्यच आहे, पण त्याची किंमत प्रत्येक नवा शिकणारा भरतो.

स्विफ्टची मोकळीक २०१९च्या मार्चमध्ये बरीचशी संपली. तोवर स्विफ्टमधलं प्रत्येक ॲप स्टँडर्ड लायब्ररीची आपली प्रत सोबत घेऊन फिरे, वऱ्हाडातल्या प्रत्येकाने आपला शिधा घरून आणावा तसं. पाचव्या आवृत्तीपासून लायब्ररी आयफोनच्या प्रणालीतच बसवली गेली आणि सगळे एकाच पंगतीला बसले. ॲपचा आकार घटला. पण पंगतीत वाढलेला पदार्थ परत उचलता येत नाही. आता एखादं काम नव्याने देता येतं, जुनं काढून घेणं जवळजवळ अशक्य. त्या दाराआधी ‘सोलापूर’चं उत्तर ४ झालं होतं, हे आपलं भाग्य आणि त्या तीन वर्षांच्या मोडतोडीचं फळ.

हे ४ तरी पक्कं का? ‘महाराष्ट्र’ मोजा. मूल म्हणेल म, हा, रा, ष्ट्र: चार. जगातल्या लिप्या संगणकात कशा मांडायच्या हे ठरवणाऱ्या युनिकोड या मानकाच्या जुन्या नियमाने मात्र सहा यायचे, कारण हलन्तापाशी अक्षर तोडलं जाई: म, हा, रा, ष्, ट्, र. सप्टेंबर २०२३च्या १५.१ या आवृत्तीत नियम सुधारला आणि देवनागरी जोडाक्षर एक अक्षर धरलं जाऊ लागलं. जी लायब्ररी हा नियम घेते तिथे सहाचे चार होतात, आणि मोजण्याच्या कामाचं नाव तेच राहतं. ‘सॉर्ट’सारखाच प्रकार, फक्त इथे अडवायला कंपायलर नाही. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने कुठली आवृत्ती वापरतो ते बघूनच मोजावं.

त्या २०२३च्या यादीत देवनागरीसोबत बंगाली, गुजराती, ओडिया, मल्याळम होत्या आणि तेलुगूही होती. कन्नड नव्हती. आपल्या बाजारपेठेत एका दुकानाच्या पायरीवर मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही भाषा ऐकू येतात. या गावाचं कन्नड नाव सोल्लापुर. कन्नड लिपीत ते लिहून त्या नियमाने मोजलं तर जोडाक्षर तुटतं आणि उत्तर येतं ५. कन्नड शाळेतलं मूल चारच सांगेल.

झिगसारख्या संगणकभाषा अजून वयात यायच्या आहेत. २०२५मध्ये झिगच्या ०.१५ आवृत्तीने वाचण्या-लिहिण्याची अख्खी लायब्ररी मोडून नवी केली. तिथे ‘सोलापूर’ची लांबी आजही २१ येते, कारण तिथे शब्द म्हणजे बाइटांची रांग. अक्षरं मोजायचं काम तिच्या लायब्ररीत नाही. सोलापुरात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: अशी कोवळी भाषा हाती आली की आधी आपल्या तिन्ही लिप्यांतले शब्द तिच्यात टाकून बघा, आणि उत्तर चुकलं तर ती १.० होण्याआधी तिच्या कर्त्यांना कळवा.