सांता खरा असतो का? शंका मुलांची, गैरसमज मोठ्यांचे

डिसेंबर उजाडला की बालवाड्यांत, मॉलच्या दारात आणि सोसायटीच्या आवारात लाल झग्यातला, कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज दिसू लागतो. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळ पिढ्यान्‌पिढ्या साजरा होत आला आहे. पण आता ज्या घरांत तो कधी नव्हता, तिथलीही मुलं सांता भेट ठेवेल म्हणून रात्री उशाशी मोजा ठेवून झोपतात. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये वाढणारी मराठी मुलं तर हा विषय शाळेतूनच घरी घेऊन येतात. आणि मग सहा-सात वर्षांचं मूल एक दिवस विचारतं, ‘‘आई, सांता खरंच असतो का गं?’’ खरं सांगावं तर त्याचा हिरमोड होईल आणि दडवावं तर आपण खोटं बोललो असं होईल, या पेचात आई-बाबा सापडतात. या पेचाच्या मुळाशी काही समजुती आहेत. त्यांतल्या बऱ्याच तपासून घ्याव्यात अशा आहेत.

गैरसमज : ‘लहान मुलांना काहीही सांगा, ती विश्वास ठेवतात.’

वस्तुस्थिती वेगळी आहे. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना, डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींविषयी विचारलं होतं. जंतू आणि ऑक्सिजन आहेत याची मुलांना जेवढी खात्री होती, तेवढी सांताची किंवा पडलेला दात नेऊन भेट ठेवणाऱ्या दातपरीची नव्हती. हे सगळं त्यांनी मोठ्यांकडूनच ऐकलेलं होतं, तरीही त्यांनी त्यात फरक केला. आपण जंतूंविषयी ज्या सहजपणे बोलतो आणि सांताविषयी ज्या आग्रहानं बोलतो, त्यातला फरक मुलांच्या कानांना कळत असावा.

टेक्सास विद्यापीठाच्या जॅकलिन वूली यांचा २००४ चा प्रयोग याहून बोलका आहे. त्यांनी बालवाडीतल्या मुलांना एका नव्याच, प्रेमळ चेटकिणीची गोष्ट सांगितली. हॅलोविनच्या रात्री ती येते, मुलांच्या गोळ्या-चॉकलेटं घेऊन जाते आणि बदल्यात खेळणं ठेवून जाते, अशी. काही घरांत पालकांनी रात्री खरोखरच ही अदलाबदल केली. ज्यांच्याकडे ‘ती येऊन गेली’ त्यांचा विश्वास अधिक पक्का झाला, आणि तोही धाकट्यांपेक्षा थोड्या मोठ्या मुलांमध्ये जास्त. म्हणजे मोठं मूल कमी भोळं होतं म्हणून ते कमी फसलं, असं झालं नाही. त्यानं समोरचा पुरावा पाहिला आणि त्यावरून निष्कर्ष काढला. पुरावा मोठ्यांनी रचलेला होता, एवढंच.

सांताच्या बाबतीत हा पुरावा केवढा रचलेला असतो! अर्धवट खाल्लेलं बिस्कीट, त्याची गाडी ओढणाऱ्या रेनडिअरनं कुरतडलेलं गाजर. उत्तर अमेरिकेच्या हवाई संरक्षणाचं काम पाहणारी नोरॅड ही लष्करी संस्था दर वर्षी २४ डिसेंबरला सांता कुठवर पोहोचला याची खबर देते; ही प्रथा १९५५ पासूनची. कॅनडाच्या टपाल खात्यानं सांताला स्वतःचा पिनकोड दिला आहे आणि मुलांच्या पत्रांना तिथून उत्तरंही जातात. एवढी मोठी माणसं एका सुरात सांगत असताना मुलानं विश्वास ठेवला, तर त्याच्या बुद्धीला बोल लावण्याचं कारण नाही.

गैरसमज : ‘खरं कळलं की मूल कोलमडून जाईल.’

या भीतीपोटी कितीतरी पालक दहा-अकराव्या वर्षापर्यंत खेळ ओढत नेतात. १९९४ मध्ये अमेरिकेत अँडरसन आणि प्रेन्टिस या संशोधकांनी सांतावरचा विश्वास सरलेल्या ५२ मुलांशी बोलून एक अभ्यास केला. बहुतेकांना साधारण सातव्या वर्षी, आपलं आपणच कळलं होतं, आणि त्यांच्या आठवणी प्रामुख्यानं चांगल्या होत्या. कोड्याचं उत्तर सापडल्याचा आनंद त्यात होता. दुःख झालं होतं ते आई-वडिलांना. आपलं लेकरू मोठं झालं, याचं ते दुःख.

कँडिस मिल्स यांचा अलीकडचा, २०२४ चा अभ्यास मात्र थोडा सावध करतो. काही मुलांना वाईट वाटतं, काहींना रागही येतो. बहुतेकांचं ते लवकर ओसरतं. ज्यांना हे उशिरा, अचानक आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळतं, त्यांना ते जास्त लागतं. त्यामुळे मूल स्वतःच शंका घेत सत्याकडे चाललं असेल, तर त्याला जाऊ द्यावं. त्याची वाट अडवून नवे पुरावे रचत बसणं हेच पुढे महागात पडतं.

माझ्या भाचीनं ही वाट कशी काढली, ते मी जवळून पाहिलं. सांतानं तिला मराठीत चिठ्ठी लिहिली होती. तिनं ती चिठ्ठी आणि वाणसामानाची यादी शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाली, ‘‘मावशी, बघ ना, सांता ‘ल’ अगदी बाबांसारखाच काढतो.’’ मग कपाटातली रंगीत कागदाची गुंडाळी तिनं शोधून काढली. भेटीवर तोच कागद होता. माझ्या बहिणीनं तिला ना खरं सांगितलं ना खोटं. एवढंच विचारलं, ‘‘मग तुला काय वाटतं?’’ भाची बराच वेळ गप्प होती. नंतर दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, ‘‘तुम्हीच ठेवता. पण छोट्याला नको सांगूस हं, तो अजून लहान आहे.’’ कोणी न सांगता ती देणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती.

गैरसमज : ‘सांताची गोष्ट सांगणं म्हणजे मुलाचा विश्वासघात.’

२०१६ मध्ये लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या नियतकालिकात बॉयल आणि मॅके यांनी असा सूर लावणारा लेख लिहिला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या केल्या. पण तो मतप्रदर्शनाचा लेख होता, मुलांवर केलेला प्रयोग नव्हता. गोष्ट सांगणं आणि फसवणूक करणं यांत माझ्या मते एक स्पष्ट रेघ आहे. मूल खेळत असतं तोवर आपणही खेळावं. ते डोळ्याला डोळा भिडवून ‘खरं सांग’ म्हणतं, तेव्हा खेळ थांबवावा.

१८९७ मध्ये व्हर्जिनिया ओ’हॅनलन या आठ वर्षांच्या मुलीनं न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या वर्तमानपत्राला हाच प्रश्न पत्रातून विचारला होता. फ्रान्सिस चर्च यांनी अग्रलेखातून ‘हो, सांता आहे’ असं उत्तर दिलं आणि तो अग्रलेख अजरामर झाला. मोठ्यांसाठी तो सुंदरच आहे. पण त्या मुलीनं खरं काय ते विचारलं होतं आणि ते तिला मिळालं नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मग सांगायचं काय? साध्या शब्दांत सांगावं, की भेट आम्ही ठेवतो. मोठी माणसं लहानांसाठी हा खेळ फार वर्षांपासून खेळत आली आहेत. आता तूही आमच्यात आलास. त्यापुढे सांगण्यासारखं खूप आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथे निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा सण. डच लोकांत त्यांचाच ‘सिंटरक्लास’ झाला आणि तो अमेरिकेत जाऊन सांताक्लॉज झाला. १८२३ च्या एका कवितेनं त्याच्या गाडीला आठ रेनडिअर जुंपले, १८६३ पासून थॉमस नास्ट यांच्या चित्रांनी त्याला रूप दिलं. लाल कपडे कोकाकोलानं दिले, असं सर्रास सांगितलं जातं, तेही चूक. कंपनीच्या त्या गाजलेल्या जाहिराती १९३१ पासूनच्या. लाल कपड्यांतला सांता त्याआधीही रंगवला जात होता.

गैरसमज : ‘शंका काढणारं मूल आगाऊ असतं.’

२०१५ मध्ये शटुलमन आणि यू यांनी तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना सांतासाठी प्रश्न सुचवायला सांगितले. जगात काय घडू शकतं आणि काय नाही याची समज ज्यांना अधिक होती, ती मुलं ‘एका रात्रीत सगळीकडे कसा जातोस’ अशा धाटणीचे प्रश्न जास्त विचारत होती. खिडकीला ग्रिल असताना सांता आत कसा आला, हा मुंबईच्या फ्लॅटमधला प्रश्न त्याच जातीचा. त्याला ‘गप्प बस’ म्हणू नये.

गैरसमज : ‘ही परदेशी खुळं, आपल्याकडे असलं काही नाही.’

पडलेला दुधाचा दात छपरावर फेकून उंदराकडे नवा दात मागणारी आजी आपल्याकडेही असतेच. स्पेनमध्ये हेच काम पेरेझ नावाचा उंदीर करतो. लुईस कोलोमा यांनी १८९४ च्या सुमारास बालराजा तेराव्या अल्फोन्सोसाठी त्याची गोष्ट लिहिली. बी गिळली तर पोटात झाड उगवतं, बाळ दवाखान्यातून विकत आणलं, हेही आपलंच. यातलं बाळाचं उत्तर मात्र वेळीच दुरुस्त करायला हवं. शरीराविषयी खरं न सांगितलेल्या मुलाला, कुणी चुकीचा स्पर्श केला तर ते सांगायला शब्दच नसतात.

सगळ्यात जास्त काळजी वाटावी अशी आपली मिथकं भीतीची आहेत. जेवला नाहीस तर बागुलबुवा येईल, रडलास तर डॉक्टर सुई टोचतील, ऐकलं नाहीस तर पोलीसकाका धरून नेतील. ‘सांता बघतोय, खेळणं मिळणार नाही’ हा त्याच धाकाचा आधुनिक अवतार. सांतावरचा विश्वास सातव्या-आठव्या वर्षी आपोआप सरतो, धाकानं बसलेली भीती मात्र तशी जात नाही. जत्रेत किंवा रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या मुलानं ज्याच्याकडे धाव घ्यायची, त्या खाकी वर्दीवाल्यालाच पाहून ते लपलं तर?

तेव्हा सांताची गोष्ट खुशाल सांगा आणि मुलानं मनापासून विचारलं की खरं सांगा. पोलीस, डॉक्टर आणि बागुलबुवाची भीती घालणं मात्र आजपासूनच बंद करा.