इंधन आणि चालकाचा पाय

घाटाच्या पायथ्याशी आलेला बैलगाडीवान काय करतो, हे ज्याने लक्षपूर्वक पाहिले असेल, त्याला या विषयाचा निम्मा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. चढ सुरू होण्यापूर्वी तो बैलांना धावडवीत नाही. त्यांना क्षणभर दम खाऊ देतो, मग संथ चालीने गाडी चढणीला लावतो आणि माथा येईपर्यंत ती चाल शक्यतो मोडू देत नाही. मध्येच थांबावे लागले, तर चाकामागे दगडाची उटी लावतो. थांबलेली गाडी पुन्हा हलविताना बैलांच्या खांद्यांवर किती जोर येतो, हे त्याला ठाऊक असते. बैल थकले तर ते मान टाकतात, त्यांच्या तोंडाला फेस येतो. त्यांचे कष्ट डोळ्यांना दिसतात. मोटारीचे इंजिन मात्र मुके. चालकाने त्याला कसेही राबविले तरी ते कुरकुरत नाही. त्याची तक्रार ऐकू येते ती पेट्रोलच्या पंपावर पैसे मोजताना!

एकाच कारखान्यात तयार झालेल्या अगदी सारख्या दोन मोटारी आहेत, अशी कल्पना करावी. दोहोंत सारखेच पेट्रोल भरले, सारखीच माणसे बसली आणि दोन्ही पुण्याहून जुन्या रस्त्याने, खंडाळ्याच्या घाटातून, मुंबईस निघाल्या. पहिलीचा चालक शांत, दुसरीचा उतावळा. समोर थोडी मोकळी जागा दिसली की उतावळा चालक अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो आणि पुढच्या मालमोटारीशी भिडताच करकचून ब्रेक लावतो. शांत चालकाची नजर दूरवर असते. पुढच्या वळणावर गाड्यांची रांग दिसताच तो अॅक्सिलरेटरवरचा पाय अलगद उचलतो, आणि रांगेपाशी पोचेपर्यंत त्याची गाडी आपोआप मंदावलेली असते. मुंबईस पोचल्यावर दोघांच्या टाक्यांत उरलेले पेट्रोल काही सारखे भरत नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या माहितीनुसार, असल्या उतावळेपणामुळे गाडी एका लिटरात जेवढे अंतर तोडते ते महामार्गावर शेकडा १५ ते ३० आणि शहरातील थांबत-चालत वाहतुकीत शेकडा १० ते ४० इतके घटू शकते. म्हणजे एका लिटरात २० किलोमीटर जाऊ शकणारी गाडी शहराच्या गर्दीत अविचारी चालकाच्या हाती पडली, तर १२ किलोमीटरांवरच दम टाकील. गाडी तीच, पेट्रोल तेच, रस्ताही तोच. बदलला तो चालकाचा पाय.

मग हे जास्तीचे पेट्रोल जाते तरी कोठे? ते टाकीतून गळत तर नाही!

याचा उलगडा होण्यासाठी पेट्रोलमध्ये केवढी शक्ती साठविलेली असते, ते आधी पाहिले पाहिजे. एक लिटर पेट्रोल जळून निघणारी सगळी उष्णता पाण्यात उतरविता आली, तर सुमारे १०० लिटर गार पाणी उकळीला येईल. आंघोळीचा बंब तापविण्यासाठी किती लाकडे जाळावी लागतात, हे ज्या घरांत अजून बंब आहे तेथील मुलांना विचारावे! परंतु इंजिनाला ही सारी उष्णता कामी लावता येत नाही. पेट्रोलच्या मोटारीत ढोबळ मानाने तिच्या चार भागांपैकी तीन भाग धुराच्या नळीतून आणि रेडिएटरमधून हवेत निघून जातात. चाके फिरविण्यास उरतो तो एक भाग. चार रुपये खर्चून हाती आलेला हा एक रुपया चालक कसा खर्च करतो, यावर सारे अवलंबून असते.

या रुपयाला वाटेकरी तीन. रस्त्याला चिकटून फिरणारे टायर थोडा भाग खातात. अंगावर येणारी हवा बाजूला सारण्यात दुसरा भाग जातो. तिसरा भाग गाडीला वेग देण्यात खर्च होतो, आणि उधळपट्टीला सर्वांत अधिक वाव आहे तो येथेच.

सायकल चालविणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पायांनी कळलेली असते. जोराने पायडल मारून सायकल वेगात आणली आणि लगेच ब्रेक दाबावा लागला, तर मनाला हळहळ वाटते, कारण गेलेला वेग पुन्हा स्वतःच्या पायांनीच मिळवावा लागतो. मोटारीचेही तसेच आहे. माणसांसह १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० किलोमीटर वेगाला आणण्यात सुमारे १७ मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडते, असे हिशेबाने काढता येते. चहाचे साडेतीन चमचे म्हणा ना. त्यानंतर चालकाने ब्रेक दाबला, की त्या साडेतीन चमच्यांनी मिळविलेला सगळा वेग ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन संपतो. असा साठ वेळा निष्कारण वेग घ्यावा आणि साठ वेळा ब्रेक लावावा, की एक लिटर पेट्रोल ब्रेक तापविण्यात गेलेच! कोणत्याही मोठ्या शहरात दिवसभर फिरणाऱ्या टॅक्सीला साठ हा आकडा मुळीच मोठा नाही.

येथे गणिताची आणखी एक खुबी आहे. वेग दुप्पट केला, तर तो मिळविण्यासाठी लागणारी शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरांचा वेग घेणाऱ्याला वाटते, आपण तिसरा हिस्साच वाढविला. प्रत्यक्षात खर्च होतो पावणेदोन पटींहूनही थोडा अधिक.

हवेचा विरोधही याच नियमाने वाढतो. वारा नसलेल्या दिवशीही धावत्या आगगाडीच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर हवा त्याला मागे रेटते. (हा प्रयोग कोणी करू नये, समजूत पटण्यासाठी धावताना उघडी छत्री पुढे धरली तरी पुरे.) ताशी ५० किलोमीटरांच्या वेगाला हवा जेवढी अडविते, त्याच्या चौपट ती ताशी १०० किलोमीटरांना अडविते. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा अमेरिकेने १९७४ च्या आरंभी कायदा करून देशभर वेगाची कमाल मर्यादा ताशी ५५ मैलांवर, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांवर आणून ठेवली, ती याच कारणासाठी. तो कायदा १९९५ मध्ये रद्द झाला. हवेचा कायदा मात्र अद्याप चालू आहे. आपल्याकडे इंधनाच्या बचतीसाठी काम करणाऱ्या पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन या संस्थेने मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांचा वेग राखण्याचा सल्ला दिलेला आहे.

याचा अर्थ जितके हळू तितके चांगले, असा मात्र नव्हे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी रखडत नेली, तर इंजिन भराभर फिरते आणि चाके मात्र थोडीच फिरतात. उलट, वेग पुरेसा नसताना वरचा गिअर टाकला, तर इंजिन धापा टाकू लागते. जाणता चालक इंजिनाच्या आवाजावरून गिअर ओळखतो. गाडी थांबलेली असून इंजिन चालू असेल, तेव्हा तर सगळाच खर्च वाया. मोटारीचे इंजिन नुसते घरघरत ठेवले, तरी तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. रेल्वेच्या फाटकापाशी दहा मिनिटे उभ्या असलेल्या पंचवीस मोटारींनी मिळून किती लिटर पेट्रोल जाळले, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच काढावे. टायरांत हवा कमी असणे, टपावर रिकामा कॅरिअर मिरविणे, नको ते ओझे घेऊन फिरणे, ही आणखी काही कारणे. ती उघडच आहेत.

काटकसरीचा हा छंद किती दूर जाऊ शकतो, याचे एक उदाहरण मोठे गमतीचे आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, वुड रिव्हर येथील शेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांत पैज लागली, की एका गॅलन पेट्रोलवर कोणाची मोटार सर्वांत दूर जाते. जिंकणाऱ्याची मोटार सुमारे ५० मैल गेली. म्हणजे एका लिटरात २१ किलोमीटर. त्या पैजेची पुढे मोठी स्पर्धा झाली. आज तीत उतरणारी, एकच माणूस कसाबसा मावेल अशी हलकी वाहने एका लिटरात हजार किलोमीटरांचीही मजल ओलांडतात. त्यांचे चालक थोडा वेग घेतात, इंजिन बंद करतात आणि गाडी आपोआप धावू देतात. वेग मंदावला की पुन्हा इंजिन सुरू.

बंदिस्त मैदानावर हे शोभून दिसते. रस्त्यावर, आणि त्यातही घाटात, हेच प्राणावर बेतते. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. त्या वाटेने पुढे मोटारी धावू लागल्यावर खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गिअर काढून, कधी इंजिनही बंद करून, गाडी उतारावर सोडून देण्याचा मोह कित्येक चालकांस पडला. तेवढेच पेट्रोल वाचले, असा त्यांचा हिशेब. परंतु इंजिन बंद पडले, की ब्रेकला त्याच्याकडून मिळणारे साहाय्य दोन-चार वेळा पाय दाबताच संपते आणि ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. इंजिन चालू ठेवून नुसता गिअर काढला, तरी गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो; ते तापतात आणि वळणावळणाला त्यांची पकड कमी होत जाते. पुढे वळण असते आणि वळणापलीकडे दरी.

शिवाय हा हिशेब आता मुळातच चुकीचा ठरला आहे. आजच्या मोटारींत इंधन किती सोडावयाचे, हे एक विद्युत्-यंत्रणा ठरविते. गाडी गिअरमध्ये असून चालकाने अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की ही यंत्रणा पेट्रोल तोडून टाकते. उतरती गाडीच चाकांकडून इंजिनाला फिरवीत राहते आणि फिरता फिरता इंजिन तिला आवरून धरते. गिअर काढला, तर इंजिनाला स्वतःच्या घरघरीसाठी पेट्रोल घ्यावेच लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण जीव तर वाचवितेच, पण आजच्या मोटारीत पेट्रोलही वाचविते.

एवढा काथ्याकूट एका इंधनासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये तेल सापडले, ही मोठीच भाग्याची गोष्ट होती. तरीही भारताला लागणाऱ्या खनिज तेलाचा पाचांतील चार भागांहून अधिक वाटा परदेशांतून विकत आणावा लागतो. एस.टी.च्या आगारांत प्रत्येक गाडीने एका लिटर डिझेलवर किती किलोमीटर दिले, याचा हिशेब ठेवतात तो काही हौसेने नव्हे. आणि जळालेले पेट्रोल नाहीसे होते, असेही नाही. पाऊण किलोग्रॅमहून थोडीशीच कमी वजनाचे एक लिटर पेट्रोल हवेतील प्राणवायू घेऊन जळते आणि त्यापासून सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो साऱ्या पृथ्वीच्या हवेत मिसळून राहतो व तिचे तापमान वाढवितो.

ब्रेकमध्ये वाया जाणारी शक्ती परत मिळविता येईल काय? बोरघाटातील रेल्वेने याचे उत्तर फार पूर्वीच दिले. १९२९ च्या सुमारास तेथे विजेवर गाड्या धावू लागल्या, तेव्हा घाट उतरणाऱ्या इंजिनाच्या मोटारी उलट काम करून वीज निर्माण करीत आणि ती वरच्या तारेत परत सोडीत. त्याच वेळी घाट चढणाऱ्या गाडीला तिचा उपयोग होई. आजच्या विजेच्या मोटारींत हीच युक्ती वापरतात. चालकाने पाय उचलला, की गाडी मंदावत जाते आणि बॅटरीत थोडी वीज परत येते. मात्र जेवढी खर्च झाली तेवढी सगळी येत नाही. म्हणून विजेच्या मोटारी चालविणाऱ्या दोघांतही, एकदा वीज भरल्यावर अधिक दूर जातो तो शांत पायाचाच चालक.