मान्यतेविना पस्तीस वर्षें

विद्यापीठ म्हटलें कीं सरकारी सनद, भव्य इमारती आणि पदवीदानाचे झगे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं पुण्याजवळ हिंगणें येथें जें महिला विद्यापीठ स्थापिलें, त्याच्यापाशीं आरंभीं ना सनद होती, ना पैसा. विद्यार्थिनीही बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या.

जपानांतील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका कर्व्यांच्या हातीं आली होती. १९१५ सालीं मुंबईच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षस्थान त्यांजकडे आलें, तेव्हां तीवरून सुचलेली कल्पना त्यांनीं लोकांपुढें मांडली. उच्च शिक्षण मातृभाषेंतून द्यावें, इंग्रजी हा विषय सक्तीचा ठेवावा, आणि गृहव्यवस्था व आरोग्य यांचाही अभ्यास व्हावा, अशी ती योजना होती. पदवीचें नांवही आपलेंच ठेविलें: ‘गृहीतागमा’, म्हणजे जिनें विद्या ग्रहण केली ती. स्त्रियांस निराळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण, असा आक्षेप सुधारकांतूनही निघाला. तो अगदींच निराधार होता, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण ज्या मुलींस इंग्रजी महाविद्यालयाचें दार दुर्गम होतें, त्यांस हें दार उघडें झालें, हेंही तितकेंच खरें.

१९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्षांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचें नांव विद्यापीठास मिळालें. १९३६ सालीं त्याचें ठाणें मुंबईस हललें. मात्र कायद्याची मान्यता १९४९ च्या अधिनियमानें मिळाली व १९५१ सालीं ती अंमलांत आली. तेव्हां कर्वे ९३ वर्षांचे होते!

तोंवर या मुलींच्या पदवीमागें सरकारचा शिक्का नव्हता. तरीही घरोघरच्या वडिलांनीं लेकी धाडल्या, आणि लेकी शिकल्या. आमच्या मतें विद्यापीठाचें खरें भांडवल हा विश्वासच होय.

आज चर्चगेट, जुहू व पुणें येथें त्याचा विस्तार आहे. मराठी-गुजराथीबरोबर इंग्रजी माध्यमही चालतें. शिक्का आतां आहे. परंतु मातृभाषेंतून उच्च विद्या घेतां येते, हा तेव्हांचा भरंवसा आपल्या घरांत कितपत उरला आहे, याचा विचार वाचकांनीं आपल्याशींच करावा.