जुन्या गाडीचा डॅशबोर्ड बदलताना

१९४१ सालच्या जानेवारीतील १६-१७ तारखेची ती रात्र. कोलकात्यातील एल्गिन रोडच्या घरातून नेताजी सुभाषचंद्र बोस वेषांतर करून बाहेर पडले. पुतणे शिशिर बोस ‘वॉन्डरर’ गाडी चालवत होते. गोमोह स्थानकापर्यंतच्या प्रवासाची साक्षीदार असलेली ही जर्मन गाडी दुरुस्त होऊन २०१७ च्या जानेवारीत नेताजी भवनात पुन्हा लोकांसमोर आली.

जुन्या गाडीत नवे काय घालावे आणि जुने काय राखावे, हा प्रश्न डॅशबोर्डपाशी फार अवघड होतो. चालकाची नजर आणि हात सतत तिथेच असतात. उन्हाने लाकूड तडकते, रबर कडक होते, तबकडीवरचे आकडे पुसट होतात.

सुट्या भागांसाठी शौकीन मंडळी कोलकात्याच्या मल्लिक बाजारात खेटे घालतात. उत्तरपाड्याच्या कारखान्यातली ॲम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली. आता तिचे भागही शोधावे लागतात.

या कामात घाई नको. आधी बॅटरीची जोडणी काढावी. प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी बांधावी, फोटो काढून ठेवावेत. स्पीडोमीटरची केबल ओढू नये, आटे फिरवून सोडवावी. चांगली तबकडी हलक्या हाताने पुसून पुन्हा बसवावी. तडकलेला भाग बदलला, तरी जुना टाकू नये. नवा घडवताना कारागिराला तोच नमुना लागतो. चकाकी केव्हाही आणता येते, भंगारात गेलेली खूण मात्र परत मिळत नाही.